नावाड्याच्या अंगरख्यातला चेहरा

भावोजींना त्या सकाळी आठव्या खांबात माकड सापडलं.

"माथ्यावर बघ, पानांच्या मधे!" ते खालून ओरडले. "शेपटी दिसते का?"

परांचीवर बसलेल्या बोळेवालीने मानसुद्धा वळवली नाही. बोळेवाली हे नाव तिला कॅथेड्रलच्या झाडूवाल्यांनी ठेवलं होतं, कारण दिवसभर ती काडीला कापूस गुंडाळून बारीक बोळे करायची आणि त्यांनी जुन्या चित्रांवरचा मळ काढायची. आधी तिचे वडील हेच करायचे, आता ती. इथल्या एकेका चित्राचा, एकेका खांबाचा इंच न् इंच बापलेकींच्या नजरेखालून गेलेला होता. आठव्या खांबाच्या माथ्यावर दगडी पानं आहेत आणि पानांच्या मधे पानंच आहेत, हे तिला पाठ होतं.

"ते फुटकं पान आहे, भावोजी."

"फुटकं नाही, फोडलेलं! मुद्दाम!"

"कोणी?"

"तेच तर गूढ आहे."

घ्या! भावोजींच्या लेखी ज्याचं उत्तर सापडत नाही ते गूढ, आणि ज्याचं सापडतं ते त्याहून गूढ. चाळीस वर्षं मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या, निवृत्त झाल्यावर घरातल्या खोल्या मोजल्या, आणि ताईने वैतागून हाकलल्यावर टेप खिशात घालून सहा वर्षांपूर्वी हा माणूस कॅथेड्रलमधे घुसला. घुसला तो घुसलाच. खांबांमधली अंतरं मोजून त्यांची बेरीज केली, बेरजेला कशाने तरी भागलं आणि आलेल्या आकड्यापुढे डोळे विस्फारून उभा राहिला. कुठला दगड कोणी घडवला हे मुकादमाला कळावं म्हणून पाथरवटांनी कोपऱ्यात केलेल्या खुणा होत्या, त्यांची ह्याने गुप्त लिपी केली. पावसाचं पाणी भिंतीपासून लांब पडावं म्हणून बाहेर काढलेल्या दगडी पन्हळी, तर त्यांच्या तोंडांत ह्याला इशारे दिसले. गोल खिडकीतून दुपारी एका ठराविक फरशीवर ऊन पडतं म्हणून ह्याने सात पानांचा लेख लिहिला. ऊन ते, कुठेतरी पडणारच ना?

एकट्या भावोजींचं वेड असतं तर घरातलं म्हणून सोसलं असतं. पण त्यांना माणसं मिळाली. दुर्बिणी लटकवलेली, वह्या काढलेली, गळ्यात गमछे गुंडाळलेली चांगली शिकलेली माणसं. एका बाईने तर खांबाला मिठी मारली आणि डोळे मिटून म्हणाली, "मला जाणवतंय." काय जाणवतंय तुझं कपाळ! बोळेवालीला ह्या सगळ्यांची शिसारी यायची. तिने एकेका वीतभर जागेपुढे महिनोन् महिने घालवले होते, नाक घासून. आणि हे वीस फुटांवरून डोळे किलकिले करून तिच्याहून जास्त बघत होते! चित्रात ढळढळीत समोर काय काढलंय ते मात्र ह्यांच्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं.

हे सगळं तिने एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं असतं. पण सहा महिन्यांपूर्वी भावोजींना चेहरा सापडला.

मुख्य वेदीमागे एक मोठं चित्र होतं, जाड लाकडी फळ्यांवर रंगवलेलं, तीनशे वर्षांचं. वादळातली होडी, होडीत भेदरलेली माणसं, आणि खाली डाव्या कोपऱ्यात वल्हं धरलेला नावाडी. ह्या नावाड्याच्या काळपट अंगरख्याच्या चुण्यांमधे भावोजींना एक म्हातारा दिसला. खाली झुकलेलं कपाळ, नाक, आणि डोळ्यांच्या जागी दोन ओघळ. मूळ चित्रकाराने स्वतःचाच रडका चेहरा तिथे लपवला, असं त्यांनी जाहीर केलं. आठवड्याभरात रांग लागली. आता रोज दीड-दोनशे माणसं त्या कोपऱ्यापुढे उभी राहून गळा दाटून घ्यायची.

आणि त्याच कोपऱ्यातला रंग फळी सोडत होता. अंगरख्याचा तो भाग आक्रसत चालला होता आणि शेजारच्या रंगाला ओढत होता. शेजारी काय, तर वल्ह्यावर आवळलेला नावाड्याचा हात. अख्ख्या चित्रात त्या हाताच्या तोडीचं काही नव्हतं. पांढरी पडलेली बोटांची पेरं, मनगटावर फुगलेली शीर. त्या हाताचे टवके उडायला लागले होते. रोज सकाळी चौकटीच्या कडेवर पडलेला एखादा टवका बोळेवाली चिमट्याने उचलून औषधाच्या डबीत ठेवायची. करंगळी गेली होती, आता अंगठ्याची पाळी. महिनाभरात तो कोपरा हाती घेतला नाही तर हात जाणार, हे उघड होतं. आणि कोपऱ्याला बोट लावायचं नाही, असा कॅथेड्रलच्या देखभाल समितीचा हुकूम होता. का, तर चेहरा पुसला जाईल!

समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. "लोकांची भावना आहे," ते तिला म्हणाले होते.

"किडलेल्या दाताबद्दल लोकांची भावना असली तर तुम्ही तो ठेवता का?"

अध्यक्षांना हे लागलं. शेवटी बरीच हुज्जत घातल्यावर ते एवढंच म्हणाले, "तो चेहरा मूळ चित्रकाराचा नाही असं सिद्ध करून दाखवा, मग काय करायचं ते करा." मंगळवार ठरला.

बाबा रोज भावोजींबरोबर यायचे. ऐंशी ओलांडलेले. डोळ्यांचा पडदा पार खराब झालेला, उजेड-अंधार तेवढा कळायचा. राहायचे बोळेवालीकडे, पण दिवसभर घरात एकटे बसून करणार काय, म्हणून भावोजी त्यांना हाताला धरून आणायचे आणि पहिल्या बाकावर बसवायचे. जावयाने आयुष्यात एवढं एक काम धड केलं होतं, आणि तेही बोळेवालीने कधी तोंडाने कबूल केलं नव्हतं. तिथे बसून बाबा दिवसातून चार-चार वेळा त्या रडक्या चेहऱ्याची कहाणी ऐकायचे आणि मान डोलवायचे. एवढा कसलेला माणूस असल्या फालतूपणाला मान डोलावतो, ह्याने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"बाबा, तुम्ही तरी गप्प करा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

"बोलू दे गं. चांगलं सांगतात."

ह्यावर तिने बोलणंच सोडलं होतं. म्हातारपणी माणूस मऊ होतो, असं म्हणून तिने बाबांनाही त्या गमछेवाल्यांच्या रांगेत नेऊन बसवलं होतं. कामाचं काही त्यांना सांगायची नाही. घरी जेवायला बसली की वाढायची, औषध द्यायची, संपलं.

मंगळवारी दहा वाजता अध्यक्ष आणि समितीचे दोघे आले. भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बाबा नेहमीच्या जागी. बोळेवालीने परांचीभोवती काळं कापड बांधून अंधार केला होता. अध्यक्ष आणि भावोजी वर चढले, भावोजी दोन्ही हातांनी बांबू कवटाळून. बाकीचे खाली थांबले. बोळेवाली मुद्दाम मोठ्याने बोलत होती. बाबांना बाकावर ऐकू जावं, आपण काय शिकवलं होतं आणि पोरीने त्याचं काय केलं ते त्यांना कळावं, अशी तिची इच्छा होती. एवढ्यासाठीच ती रात्री चार वेळा मनाशी घोकून आली होती.

"आधी हे ऐका," ती म्हणाली. "ह्या कोपऱ्यातला रंग आक्रसून नावाड्याच्या हाताला ओढतोय. करंगळी पडली. डबीत आहे, दाखवते. अंगठा सुटत आलाय. अजून महिनाभर तुमच्या भावना सांभाळल्यात तर हात गेला."

"बरं, पुढे," अध्यक्ष म्हणाले.

तिने जांभळा दिवा लावला. त्या दिव्याखाली जुनं व्हार्निश हिरवट उजळतं आणि मागाहून चढवलेला रंग काळा राहतो. होडीची कड उजळली, वल्हं उजळलं, हात उजळला. अंगरख्यावर मात्र वीतभर जागा काळीच राहिली, बरोबर चेहऱ्याएवढी.

भावोजींच्या घशातून कसलासा आवाज आला.

"हे मागाहून भरलंय," बोळेवाली म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता की आवाज चढत चालला होता. "तीनशे वर्षांचं नाही. फार तर तीस. इथला मूळ रंग कधीतरी पडला आणि कुणीतरी वरून लेप दिला. तुमचा रडका चित्रकार माझ्या धाकट्या भाचीएवढाही जुना नसेल, भावोजी."

"पण नोंदवहीत तसं काही नाही," अध्यक्ष म्हणाले. ते तयारी करून आले होते. कुठल्या चित्रावर कोणी काय काम केलं ते त्या वहीत लिहून ठेवायची पद्धत होती. "तीस वर्षांपूर्वी तुमच्या वडिलांनी हे चित्र साफ केलं, तेव्हाची नोंद आहे. 'डावा खालचा कोपरा शाबूत. फक्त धूळ पुसली.'"

"बरोबर. बाबांनी शाबूत लिहिलं म्हणजे शाबूतच होता. ते त्यांचं इथलं शेवटचं काम. मग गुडघ्यांमुळे त्यांनी परांची चढणं सोडलं. त्यांनी काम सोडलं आणि मी हातात घेतलं, त्याच्या मधे दोन वर्षं इथे कोणीच नव्हतं. तेवढ्यात तुमच्या समितीने कुणातरी भिंती रंगवणाऱ्याला आत घेतलंय."

"समितीने कोणालाही आत घेतलं नव्हतं," अध्यक्ष फणकारले.

"मग हे काय आपोआप उगवलं?" तिने भिंग डोळ्याला लावलं आणि दिवा बाजूने धरला. "हे बघा ना! आमच्याकडे नियम आहे. बाबांनी मला पहिल्याच दिवशी शिकवला. गेलेल्या रंगाच्या जागी नवा भरायचा तो केसाएवढ्या उभ्या रेघांनी, एकीला एक लागून. लांबून चित्र अखंड दिसतं, आणि जवळून बघणाऱ्याला कळतं की हे मूळचं नाही. लबाडी नको म्हणून. इथे एक तरी रेघ आहे? एकसुद्धा नाही! बोटाने फासलंय. भिंतीच्या भोकांत लांबी फासतात तसं. आणि हा बघा ठसा, अंगठ्याचा. तुमच्या चेहऱ्याचं नाक म्हणजे कुठल्यातरी गाढवाचा अंगठा आहे, भावोजी!"

समितीच्या दोघांपैकी एक खाली फिस्सकन हसला. बोळेवालीला तेवढं पुरलं. सहा महिने दाबून ठेवलेलं सगळं तोंडातून बाहेर पडलं.

"शिकाऊ पोरगंसुद्धा असं करणार नाही. कोण होता हा मेला? डोळे फुटले होते का त्याचे? असल्या माणसाच्या हातातून कुंचला काढूनच घ्यायला हवा होता."

"फुटले नव्हते," खालून बाबा म्हणाले. "पण निम्मे गेले होते."

वर कोणाला काही कळलं नाही. बोळेवालीने काळं कापड बाजूला करून खाली बघितलं. बाबा बाकावर ताठ बसले होते, दोन्ही हात काठीवर.

"आणि कुंचला काढूनच घेतला," ते म्हणाले. "मीच घेतला, माझ्या हातातून. गुडघ्यांना काही झालं नव्हतं."

"बाबा, काहीतरी काय बोलता..."

"बरोबर मधलं दिसेनासं झालं होतं. बाजूचं दिसायचं. चालता यायचं, माणसं ओळखू यायची, म्हणून कुणाला संशय आला नाही. पण कुंचल्याचं टोक जिथे टेकवायचं नेमकी तीच जागा दिसायची नाही. एक रेघ मारली की दुसरी तिच्यावर चढायची. पुसायची, परत मारायची. आठ दिवस तेच केलं. शेवटी बोटाने फासलं आणि वहीत खोटं लिहिलं. तू इथेच होतीस. परांचीच्या वरच्या मजल्यावर, ह्याच चित्रातलं आभाळ साफ करत होतीस."

बोळेवालीला ते आभाळ आठवलं. त्यातला एकेक ढग आठवला. ढगातली केसाएवढी चीर तिने दहा फुटांवरून हेरली होती आणि केवढा तोरा मिरवला होता! खाली आठ दिवस बाप एकच रेघ मारत आणि पुसत होता, ते आठवलं नाही, कारण ते तिने बघितलंच नव्हतं. घरीही नाही. चष्मा सापडत नाही म्हणून ते रोज तिच्याकडून पेपर वाचून घ्यायचे, आणि ती म्हणायची, तुम्हाला आळस भरलाय बाबा. डॉक्टरांनी पडद्याचं निदान केलं ते दहा वर्षांपूर्वी. तोपर्यंत ती त्यांना आळशीच म्हणत आली होती.

भावोजी बांबू सोडून धडपडत खाली उतरले. तोंडावर प्रेतकळा आली होती. "पण बाबा, मी रोज तुमच्या पुढ्यात उभा राहून सांगत होतो. तुम्ही एका शब्दाने बोलला असतात तर मी..."

"तुम्ही छान सांगायचात," बाबा म्हणाले. "आमचं काम कसं, दिसलं नाही तर चांगलं. पंचवीस वर्षं चांगलं केलं, कुणाला दिसलं नाही. हे एक वाईट झालं आणि त्याच्यापुढे माणसं येऊन उभी राहिली. रडलीसुद्धा एक-दोन. बोलवेना मला." मग त्यांनी मान वर केली, तिच्या आवाजाच्या दिशेने. "पण नावाड्याचा हात पडतोय, हे मला आज कळलं. तू सांगितलं नाहीस."

तिने हातातला जांभळा दिवा विझवला.

"आधी सांगितलं असतंस तर आधी बोललो असतो. काढ ते. आत्ता काढ."

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले की समितीची आता काही हरकत नाही, आणि घाईघाईने शिडी उतरले. भावोजींनी सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला, काठी सरळ करून दिली आणि म्हणाले, "चला बाबा, चहा घेऊ." गेली सहा वर्षं ती ज्याला अर्धवट म्हणत होती त्या माणसाला ह्या वेळी काय करायचं ते सुचलं होतं. ती मात्र परांचीच्या फळीवर बसून राहिली. खाली उतरून बाबांपर्यंत जायचं तिला सुचलं नाही, आणि सुचल्यावर धीर झाला नाही. तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग तिने बोळे केले आणि कामाला लागली. रंग मऊ होता, भराभर सुटला. आधी ओघळ गेले, मग कपाळ. नाकाशी ती थांबली. तो ठसा भिंगातून एकदा नीट बघितला. अंगठ्यावरची आडवी कापल्याची खूणही उमटली होती. ती खूण तिने लहानपणापासून बघितली होती आणि आज सकाळी, चार माणसांसमोर, ओळखली नव्हती. तिने तोही पुसला. कापूस तपकिरी झाला. खालून उघडी फळी निघाली, आणि तिच्या कडेने चाचपून बघितल्यावर तिला कळलं की नावाड्याच्या हाताला बसणारा ताण सैल झालाय. अंगठा वाचणार होता.

संध्याकाळी ती नोंदवही घेऊन खाली आली आणि बाकावर बाबांच्या शेजारी बसली. भावोजी पलीकडे बसले होते, टेप खिशात. दिवसभरात त्यांनी आलेल्या सगळ्यांना, चेहरा नव्हता, माझी चूक झाली, असं सांगून परत पाठवलं होतं. हेही तिने वरून ऐकलं होतं.

तिने लिहिलं आणि नेहमीच्या सवयीने मोठ्याने वाचून दाखवलं. "'डावा खालचा कोपरा. अज्ञात व्यक्तीने मागाहून भरलेला भाग काढला.'"

"अज्ञात?" बाबा म्हणाले. "मी अज्ञात कधीपासून झालो?"

"अहो बाबा, ही वही पुढे लोक वाचणार. समितीला सांगते मी, कोणी काही बोलणार नाही. कशाला तुमचं..."

"वाचू देत. खोड ते. माझं नाव लिही."

ती भावोजींकडे बघायला लागली. भावोजींनी, लिही, अशी मान हलवली. तिने 'अज्ञात व्यक्ती' खोडलं आणि वर बाबांचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

"लिहिलंस? आता पुढे लिही. नियम न पाळता, रेघांशिवाय, बोटाने भरलं. काम सदोष."

"बाबा..."

"सकाळी इतकं बोललीस, आता लिहायला काय होतंय? खरं तेच बोललीस. लिही."

तिने लिहिलं. अक्षर वाकडं आलं. बाबांनी हात पुढे केला, चाचपडत वहीच्या कडेपर्यंत आणला आणि तिथेच ठेवला.

"डोळ्यांचं लिहिलंस?"

"नाही. ते कशाला, बाबा? ते घरातलं आहे."

"लिही," बाबा म्हणाले. "नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, माझा हात वाईट होता."